चहाच्या कपांखालची पाटी

गजू, तुझं चित्र मी चहाचं टेबल म्हणून वापरलं, आणि ते ज्या वाकळीत गुंडाळून आलं होतं ती वाकळ भिंतीवर लावून तिच्यावर दीड पान लिहिलं.

एवढंच तुला हवं होतं. शब्द तू ठरवून दिले नव्हतेस, पण मतलब हाच होता. लिहायला मला तीन वर्षं लागली, आणि तू त्यातली पावणेतीनच थांबलास. आता लिहून झाल्यावर पाहतो, तर वाक्य तसं अवघड नव्हतं. वर्गात मुलांना यापेक्षा लांब वाक्यं फोडून दाखवतो मी.

तुला सगळं माहीत आहे, पण हे इतरही वाचतील, म्हणून जरा मागून सांगतो. मध्ये बोलू नकोस. तशी आता ती सोय राहिली नाही.

आपण अमरावतीला एका खोलीत राहायचो. तू हिवरखेडच्या मळ्यातून ड्रॉइंगचा कोर्स करायला आलेला, मी मराठी घेऊन बी.ए. करणारा. तुझे ब्रश माझ्या चहाच्या कपात बुडलेले असायचे, त्यामुळे कपाचा आणि कलेचा घोटाळा आपल्यात जुनाच. पुढे तू अकोल्याला पेंटर झालास. किराणा, पिठाची गिरणी, सलून, दवाखाना, सगळ्यांच्या पाट्या तुझ्या हातच्या. मी अमरावतीला मास्तर झालो. आणि मग इंगोले मॅडमनी मला क्युरेटर केलं.

मॅडम म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या चित्रकलेच्या बाई. नवऱ्याच्या गोदामावरचा मजला त्यांनी पांढरा करून घेतला आणि वर्षातून दोनदा तिथं समूह प्रदर्शन भरवायला लागल्या. सहा-सात चित्रकार, प्रत्येकाचं एखाद-दुसरं काम, आणि प्रत्येक कामाशेजारी एक छापील कागद. तो कागद लिहिणारा मी. लांब वाक्य न अडखळता संपवता येतं, एवढी माझी पात्रता. तुला फोन करून सांगितलं तर तू म्हणालास, "क्युरेटर म्हंजे चित्र टांगणारा न?"

मी म्हटलं, टांगणारा नाही, त्याचा अर्थ सांगणारा.

"मंग चित्र काय मुकं हाय काय?"

मी हसलो. तू हसला नव्हतास हे आता आठवतं.

दुसऱ्याच प्रदर्शनात मी परतवाड्याच्या एका मुलीच्या लाकडी शिल्पातल्या भोकावर लिहिलं, की ही जखम नसून प्रकाशाला दिलेली वाट आहे. ती मुलगी उद्घाटनाला आली आणि रडायला लागली. भोक टेम्पोत पडलं होतं. ही गोष्ट मी तुला फार रंगवून सांगितली होती, आणि तूही पुढे चार जणांना सांगितलीस. त्यातून मी काही शिकलो असेन असं तुला वाटलं असावं. नाहीतर स्वतःचं काम माझ्या हवाली कशाला केलं असतंस?

तुझा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होतो. पाट्यांचं काम बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. फ्लेक्स आला, आणि दुकानदारांनी तुझ्या पाट्या उतरवून मागच्या खोलीत टाकल्या. ज्या मशीननं तुझा ब्रश हातातून काढला, त्याच मशीनवर तू पगारावर बसलास. हे तू मला कधी दुःख म्हणून सांगितलं नाहीस. मशीनचं तोंड कसं उघडतं, शाई कुठं अडकते, हेच सांगायचास. त्या दिवशी मात्र म्हणालास, एक काम झालं आहे. या वेळच्या प्रदर्शनात लावतो का? मी म्हटलं, लावतो म्हणजे काय, मानाची भिंत देतो. काय आहे ते सांग, मला लिहावं लागेल.

"पाह्यशीन तं समजन," तू म्हणालास. "नाव लिहून घे. नाव बाकी."

मी विचारलं, म्हणजे नाव नंतर कळवतोस?

"नाई बे. नावच 'नाव बाकी' हाय. एस.टी.त टाकून राह्यलो. उतरवून घेजो."

पार्सल मी स्वतः स्टँडवरून रिक्षात आणलं. सुतळी सोडली. मॅडमनी आणि मी वाकळ जमिनीवर पसरली, आणि खरं सांगतो, आम्ही दोघं तिच्याभोवती फिरत राहिलो. जुन्या लुगड्यांचे तुकडे, त्यात मध्येच तुझ्या ब्रश पुसायच्या चिंध्या, लाल, पिवळे, निळे डाग, कुठं अर्धा 'क', कुठं कान्याचा दांडा. आणि त्या सगळ्यावरून पांढऱ्या दोऱ्याची बारीक, सरळ धाव, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आत एक काळा फळा होता. शाळेत असतो तसा, चांगला हात-दीड हात रुंद आणि माणसाच्या छातीइतका लांब. त्यावर फिकट राखी रेघा होत्या. मॅडम म्हणाल्या, वाकळ मुडपू नये म्हणून आत घातला असेल. मला ते इतकं पटलं, की तुझ्या व्यवहारज्ञानाचं मी दोन मिनिटं कौतुक केलं.

आता यातली गंमत बघ. वऱ्हाडात कोणती नाजूक वस्तू वाकळीत गुंडाळल्याशिवाय गावाला गेली आहे? मी स्वतः अमरावतीला पहिल्यांदा आलो तेव्हा आईनं दिलेली कंदिलाची काच वाकळीतच होती. मुलीच्या लग्नातला आरसा वाकळीत जातो. देवाची तसबीर वाकळीत जाते. कोणत्याही हमालाला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, साहेब, सामान आत असते. पण मी हमाल नव्हतो. मी क्युरेटर होतो.

त्या रविवारी बसून मी कागद लिहिला. त्यातली दोन वाक्यं अजून पाठ आहेत, कारण पुढे ती बरीच छापली गेली. 'ही वाकळ वऱ्हाडातल्या निनावी हातांची आहे. तिच्यावरची प्रत्येक धाव ही एका न लिहिलेल्या स्त्रीची ओळ आहे. नाव बाकी आहे, कारण या हातांना ते कधी विचारलंच गेलं नाही.'

विचारलंच गेलं नाही, असं मी लिहिलं. आणि न विचारता लिहिलं.

उद्घाटनाला तू आणि प्रमिलावहिनी सकाळच्या गाडीनं आलात. तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होतास. दारातून आत आलास, समोरच्या भिंतीकडे पाहिलंस आणि थांबलास. मुंबईहून एक समीक्षक आले होते. मी त्यांना तुझ्यापाशी आणलं आणि तुझ्याच समोर तुझं काम समजावून सांगितलं. हात हलवून सांगितलं. रंगाचे डाग म्हणजे पुरुषाच्या श्रमाची धूळ, ती स्त्रीच्या शिवणीत कशी सामावली, वगैरे. ते गृहस्थ मान हलवत होते. तू माझ्याकडे असा पाहत होतास, जसा माणूस दुसऱ्याच्या वरातीत आपली घोडी पाहतो.

वहिनी कागदाशी उभ्या होत्या. बोट ठेवून ओळ-ओळ वाचत होत्या. मग मला हाक मारली.

"भाऊजी, निनावी म्हंजे ज्याचं नाव माहीत नाई तो न जी?"

"हो."

"बरं," म्हणाल्या आणि बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, वहिनी भाषेत रस घेताहेत.

पुढं चहा झाला. मॅडमच्या ऑफिसात दोन स्टुलांवर तो फळा आडवा टाकला होता आणि त्यावर पंचवीस-तीस कप मांडले होते. तू कप उचललास. एक घोट घेतलास. मग खाली पाहिलंस. कप परत ठेवायला हात गेला तो मध्येच थांबला, आणि तू तो शेवटपर्यंत हातात धरून ठेवलास, रिकामा झाल्यावरही. लोक कप ठेवत होते, उचलत होते. ओली वर्तुळं उमटत होती. बऱ्याच वेळानं तू माझ्याजवळ आलास.

"पाटी इथं कोणी मांडली?"

"कोणती पाटी?"

तू बोटानं टेबलावर दोनदा टकटक केलंस. जोरात नाही. गिऱ्हाईक गल्ल्यावर करतं तसं.

गजू, तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, थांब, आत्ताच्या आत्ता सांगतो सगळ्यांना. तू माझं कोपर धरलंस. बाहेर ते समीक्षक मॅडमना सांगत होते, की मजकूर कोणी लिहिला आहे, फार आतून लिहिला आहे. ते आपल्या दोघांनाही ऐकू येत होतं.

"राहू दे," तू म्हणालास. "तुहा दिवस हाय."

पुष्कळ दिवस मी ही गोष्ट तुझा मोठेपणा म्हणून मनात ठेवली. मोठेपणा होताच. पण माझा भाग सांगायचा राहतो. तू 'राहू दे' म्हणालास आणि मला इतक्या लवकर बरं वाटलं, की मला त्याची लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतर जे झालं ते आपोआप झालं, असं मी म्हणत आलो. ती वाकळ आणखी दोन समूह प्रदर्शनांत गेली, एकदा नागपूरला, एकदा पुण्याला. बरोबर माझा कागद गेला. तुला पत्रं आली, आणखी वस्त्रकाम असेल तर पाठवा. तू दरवेळी लिहिलंस, माझ्याकडे नाही. खरंच नव्हतं. तर त्या समीक्षकांनी कुठंतरी लिहिलं, की कलावंतानं यशानंतर मौन निवडलं आहे. त्या मौनावर मीही चार ओळी लिहिल्या. तुला पाठवल्या नाहीत. एवढी अक्कल मला होती.

आणि ती पाटी? ती तू त्याच संध्याकाळी पोत्यात घालून अकोल्याला परत नेलीस. वाकळ भिंतीवर होती, त्यामुळे पोतं.

मूर्तिजापूरचं सांगतो. आपलं ठरलेलंच होतं, महिना-दोन महिन्यांतून तू अकोल्याहून यायचं, मी बडनेऱ्याहून, आणि मधल्या स्टेशनवर बाकावर बसून चहा प्यायचा. त्या दिवशी तू भजी मागवली नाहीस, तेव्हाच मला समजायला हवं होतं. तू पहिल्यांदा नीट सांगितलंस की त्या पाटीवर काय आहे. गिऱ्हाइकाचं नाव ठरलेलं नसायचं तेव्हा तू पाटीला काळा रंग मारून, सुतानं रेघा मारून ठेवायचास, वर मोठ्या अक्षरांची, खाली मालकाच्या नावाची, तळाशी पत्त्याची. आणि कोपऱ्यात खडूनं लिहायचास, नाव बाकी. त्या पाटीवर तू तुझ्या उतरवलेल्या सगळ्या पाट्यांच्या रेघा मारल्या होत्या. एकावर एक. कोणत्या दुकानाची पट्टी किती रुंद होती, ते आठवून आठवून. बारीक ब्रशनं, पुसल्या जाऊ नयेत म्हणून.

माझ्या घरावरची पाटी तूच केली होतीस, गजू. माझ्या नावाखाली तू एक रेघ मोकळी सोडली होतीस आणि विचारलं होतंस, वहिनीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, नाव काय घालू? मी म्हटलं होतं, नंतर सांगतो. ती रेघ अजून तशीच आहे. रोज कुलूप लावताना दिसते. आणि तरी मला ती पाटी ओळखता आली नाही.

पण त्या बाकावर मी काय केलं? मी वाद घातला. मी म्हटलं, हे बघ गजू, कलाकृतीचा अर्थ शेवटी पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो.

"मंग माही पाटी पाहून तुह्या डोयात चहाच आला?"

मी म्हटलं, तसं नाही. वाकळीवर जे लिहिलं ते खोटं आहे का? त्या शिवणीत काहीच नव्हतं का?

मग म्हणालास, "तू लिहितं ते चांगलं असते बे. फक्त ज्याच्यावर लिहितं त्याचं नसते." आणि मग, आवाज न चढवता, "तीन उन्हाये बसलो मी त्या पाटीवर. कोणाले आवडली नाई तं नाई आवडली. पण कोणी पाह्यलीच नाई, हे कसं?"

तू उत्तर मागत नव्हतास. तू एवढंच मागितलंस, की लिहून टाक. म्हणालास, मी सांगितलं तर लोक म्हणतील, पेंटर आता रडून राह्यला. तू लिहिलं तर खरं होईल. चार ओळी लिही. वाकय माही नाई, प्रमिलाची हाय, चित्र हे हाय. "अन् ती म्हणते वाकय वापस आण. काय सांगू तिले?"

मी शब्द दिला. पुढच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत घालतो म्हटलं. पुढच्या पुस्तिकेच्या वेळी पुण्याचं निमंत्रण होतं, म्हटलं ते होऊ दे. मग मॅडमची तब्येत बरी नव्हती. मग परीक्षा होत्या. कारणं खोटी नव्हती, गजू. हीच माझी खोड आहे. मी खोटी कारणं कधीच देत नाही. खरी कारणं शोधून आणतो.

नंतर तुझं दुखणं निघालं. त्याचे तपशील मी इथं लिहिणार नाही, तुला आवडले नसते. मी दवाखान्यात आलो ती दुपारची वेळ होती, वहिनी डबा धुवायला गेल्या होत्या. तू खिडकीतून समोरच्या इमारतीवरचा मोठा फ्लेक्स पाहत होतास. म्हणालास, त्याच्या 'श'चं पोट बघ कसं फाटलं आहे, ऑपरेटरनं फाँट ताणला. मी बघितलं. मला काही वेगळं दिसलं नाही, पण हो म्हटलं. मग तू विचारलंस.

"लिहिलं काय?"

मी म्हटलं, मसुदा झाला आहे, एकदा नजर घालायची राहिली.

"वाचून दाखव."

मी म्हटलं, वही अमरावतीला राहिली.

उशी जरा सरकवून मागितलीस, ती मी सरकवली. मग तू भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, झोप आली असेल. हाही मीच लावलेला अर्थ. बसची वेळ झाली म्हणून मी उठलो. मसुदा नव्हता, गजू. एक ओळ नव्हती. तुला ते कळलं होतं का, हे आता कोणालाच विचारता येत नाही, असं मला कालपर्यंत वाटत होतं. आणि कळलं नव्हतं असं धरून चालायची मला परवानगी नव्हती.

तू गेलास त्या सकाळी मी पहिल्या गाडीनं निघालो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला टेकवून, एक काळा फळा उभा होता. कोणीतरी शेजाऱ्यानं घरातून आणला असावा, हाताशी लागला तो. त्यावर खडूनं लिहिलं होतं, पेंटर गजानन यांचे दुःखद निधन, अंत्ययात्रा राहत्या घरून अकरा वाजता. अक्षर वाकडंतिकडं होतं, ओळ उजवीकडे घसरत गेली होती. खाली तुझ्या रेघा होत्या, अगदी सरळ, आणि लिहिणाऱ्यानं एकही रेघ धरली नव्हती. वरच्या कोपऱ्यात चहाची वर्तुळं होती. ती तू पुसली नव्हतीस.

तुझी पाटी इतक्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. सगळे तिच्यासमोर थांबत होते, वाचत होते, मान खाली घालून आत जात होते.

आणि मी काय करत होतो ते सांगू? आत तिरडी बांधत होते आणि मी खांबाशी उभा राहून मनात वाक्य जुळवत होतो. 'ज्या पाटीवर नाव बाकी होतं...' इथपर्यंत आलो होतो. मग तुझ्या भावानं खांदा द्यायला हाक मारली. चालता चालता, स्मशानापर्यंत, ते वाक्य पुरं करायचा मोह मला सुटला नाही. तुला खांद्यावर घेऊन मी तुझ्यावर मजकूर लिहीत होतो. यापेक्षा वाईट गोष्ट माझ्याजवळ नाही, नाहीतर तीही सांगितली असती.

परत आलो तेव्हा वहिनींच्या बहिणीनं पाटी आत आणली होती आणि वहिनी ओल्या फडक्यानं पुसत होत्या. माझ्या तोंडून गेलं, वहिनी, पुसू नका, राहू द्या तसंच.

"काहून?" त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "अकरा वाजून गेले न."

अडीच महिन्यांनी मॅडमचा फोन आला. तुझ्या आठवणीत समूह प्रदर्शन भरवायचं, सगळे चित्रकार एकेक काम देणार, मध्ये तुझी वाकळ. निमंत्रणावरही तिचाच फोटो, खाली 'स्वर्गीय' म्हणून तुझं नाव, आणि त्याचाच फ्लेक्स छापून आला होता. मला म्हणाल्या, मजकूर नवा लिहा, जुना फार वेळा झाला. मी खुर्चीवर बसलो आणि सांगून टाकलं. सगळं, टेबलासकट. 

"म्हणजे कप मीच मांडले होते," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मी तेव्हा पहिल्यांदा म्हातारपण ऐकलं.

मी म्हटलं, वाकळ परत नेतो, पाटी आणतो.

"पाटीवर काय आहे?"

"रेघा."

"लोकांना काय सांगायचं?"

ही गोष्ट तू पाहिजे होतास ऐकायला. मी म्हटलं, काही नाही सांगायचं. मॅडम म्हणाल्या, शेजारी काहीतरी कागद तर लागेल. सोमवारपर्यंत द्या.

काल मी वाकळ घेऊन अकोल्याला आलो. गुंडाळायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो छापून आलेला फ्लेक्सच वापरला. तुझं नाव आतल्या बाजूला येईल अशी घडी घातली, पण एस.टी.त ती उलगडली आणि अकोल्यापर्यंत तू सगळ्या गाडीला दिसत राहिलास. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, कोण होते? मी म्हटलं, पेंटर. ती म्हणाली, कशाचे? मी म्हटलं, पाट्यांचे. एवढं बिनचूक मी तुझ्याबद्दल कधीच लिहिलं नव्हतं.

वहिनींनी फ्लेक्स काढून न्हाणीवर टाकायला बाजूला ठेवला. वाकळ उन्हात नेऊन झटकली, उलटी करून पाहिली. वरच्या कडेला आम्ही टांगायला ठोकलेल्या कड्यांनी चार भोकं पडली होती. त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. मी माफी मागितली. आधी वाकळीची मागितली, मग कागदाची, मग तुझ्याशी बोललेल्या खोट्याची. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमी वही राह्यली म्हणाले त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "तवा ते मले म्हणत होते, वही तं त्याच्या पिशवीतून दिसून राह्यली होती."

म्हणजे तुला कळलं होतं.

त्यांनी पाटी आतून आणली, ओट्यावर, भिंतीला टेकवून माझ्यासमोर उभी केली आणि चहा ठेवायला आत गेल्या. दुपारचं ऊन तिरपं पडलं होतं. काळ्या रंगावर त्या राखी रेघा दिसायला लागल्या, आधी चार, मग चाळीस, मग मोजता येईनात. आणि मी, जन्मभराची सवय, पिशवीतून वही काढली. म्हटलं, इथंच बसून लिहून टाकू, गजू समोर आहे तोवर. चित्राचं नाव लिहिलं. तुझं पूर्ण नाव लिहिलं. वाकळ करणाऱ्या बाईचं नाव लिहिलं, प्रमिला, या वेळी विचारून. मग ऊन, मग रेघा, मग उतरवलेली दुकानं. पेन चालायला लागलं ते थांबेना. एक पान झालं, दुसरं झालं.

वहिनी कप घेऊन बाहेर आल्या. कप माझ्या हातात दिला, खाली ठेवला नाही. माझ्या वहीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, परत वहीकडे पाहिलं.

"तुमी पाह्यता कवा, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "आल्यापासून तं लिहूनच राह्यले."